प्रत्येकी साठ शब्द

राज्याला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून
समितीनं बारा बायका निवडल्या.
भिंत मोजली, चौकटी मागवल्या,
आणि मला म्हणाले: व्हर्ना, प्रत्येकी साठ शब्द.
त्याहून जास्त पितळेवर मावत नाहीत.

बिस्मार्कमध्ये अकराव्या मजल्यावर माझं टेबल.
खिडकीतून मिसूरी दिसते.
मार्चमध्ये तिचा बर्फ फुटतो, तोफ डागल्यासारखा,
आणि माझी एक ओळ हटकून चुकते.

राग्नहिल्ड ट्वेट: एकटीच्या नावावर एकशेसाठ एकर.
फायलीत तिची एकोणीस पत्रं.
एकात लिहिलंय, पहिल्या हिवाळ्यात
त्या मातीच्या घरात बोलायला कुणी नव्हतं,
म्हणून ती घड्याळाशी भांडायची.
फेब्रुवारीत घड्याळ बंद पडलं तेव्हा रडली.
नॉर्वे सोडताना बोटीवर रडली नव्हती.
समिती म्हणाली, एकर राहू द्या.
घड्याळ काढा.

ओटिलिया वाइगेल, टेलिफोनवाली.
वणवा वेशीपाशी आला तरी खुर्ची सोडली नाही,
चाळीस शेतांवर घंटा वाजवत राहिली.
हे चौतीस शब्दांत बसलं.
उरलेल्या सव्वीसात मी घातलं
की ती सगळ्यांचं सगळं ऐकायची,
कुणाची उधारी किती, कुणाचं मन कुठं,
आणि म्हणून गावात तिला
जेवायला बोलवायचं कुणाच्या जिवावर यायचं.
अध्यक्षांनी पेन्सिलीनं आडवी रेघ मारली.
समासात लिहिलं: "शूर" दोनदा आलं तरी चालेल.

मग एक शेरीफ. दोन नर्सा.
एका सिनेटरची बायको, जिच्यासाठी
साठ भरेनात, तेव्हा तिच्या बागेतली फुलं मोजली.

सातवी हिदात्सा.
फाईल एका पानाची, नाव मिशनच्या शाळेनं दिलेलं: ॲग्नेस.
तिनं मक्याचं बियाणं सात रंगांचं जपलं,
जमिनीत खड्डे करून, गवत अंथरून.
तिचं शेत आता धरणाखाली आहे
(हे समितीला "अप्रस्तुत" वाटलं).
तिची नात स्वतः आली होती, दोनशे मैल, बसनं.
कॉफी नको म्हणाली.
उभ्यानंच म्हणाली, आजीचं नाव ॲग्नेस नव्हतं.
आणि ते नाव उच्चारलं, एकदाच.
मी विचारलं, स्पेलिंग?
ती म्हणाली, ते लिहायसाठी नाहीये.

मग मी एकोणसाठ टाईप केले
आणि एका शब्दाएवढी जागा मोकळी सोडली.
प्रूफ तपासताना कुणाच्या लक्षात आलं नाही.
आलं असेल तर म्हणाले असतील,
व्हर्नाचा अंगठा घसरला.

माझी आई यादीत नाही.
असायचं काही कारणही नाही, हे आधीच सांगते.
नोव्हेंबरात टर्की सोलायची, पिसं पोत्यात भरून विकायची,
तिच्या बोटांना रात्री झोपेतही
काहीतरी उपटायची सवय होती.
एकदा सगळे घरी गेल्यावर मी कोरा कागद लावला.
एकशे बारा शब्द झाले
आणि ती अजून लग्नाआधीच होती,
भावाचे बूट घालून शाळेला निघालेली.
कागद फाडला. काटकसर म्हणून
बाराजणींना एकच कार्बन वापरला होता,
तो उजेडात धरला: घड्याळ, उधारी, धरण,
आईचे बूट, सगळं एकावर एक,
काहीच वाचता न येणारं.
त्याची घडी माझ्या खणात आहे.

मे महिन्यात पितळ लागलं.
भाषणं झाली, केक कापला गेला.
साठ शब्द वाचायला माणसाला वीस सेकंद लागतात,
मी घड्याळ लावून पाहिलं.

ती नात आली होती, निळ्या कोटात.
तिनं वाचलं नाही.
सातव्या पाटीवर हात फिरवत गेली
जिथं धातू नुसताच गुळगुळीत आहे तिथपर्यंत,
आणि बोट तिथंच ठेवून उभी राहिली.

मागून कुणीतरी म्हणालं,
बाई, हात लावू नका,
पॉलिश जातं.